गरज पडल्यास

डॉक्टर औषधांच्या कागदावर जे लिहितात, त्यातल्या बहुतेक ओळींपुढे वेळ असते. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. तिथे नर्सला डोकं चालवावं लागत नाही. वेळ झाली की द्यायचं आणि सही करायची. पण एखाद्या ओळीपुढे वेळ नसते, फक्त ‘गरज पडल्यास’ असं असतं. गरज पडली की नाही हे कोणी ठरवायचं, ते कागदावर लिहिलेलं नसतं. ते आम्ही ठरवतो. बेळगावातल्या एका मोठ्या रुग्णालयात बावीस वर्षं मी ते ठरवत आले. त्यातल्या एका निर्णयाबद्दल इथे लिहिते आहे.

मला आकडे लागतात. घरी गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली ते मी टाकीवरच खडूने लिहून ठेवते. मुलं त्यावरून हसतात. वॉर्डात या सवयीला मान होता. मॉर्फिनसारखी औषधं आमच्याकडे दोन कुलपांच्या कपाटात असतात. इंजेक्शन दिलं की काचेची रिकामी कुपी फेकायची नाही, ती परत डब्यात ठेवायची. पाळी बदलताना भरलेल्या कुप्या किती, रिकाम्या किती, हे दोघींनी मिळून मोजायचं आणि रजिस्टरवर सह्या करायच्या. एखादी हातातून पडून फुटली तर ‘फुटली’ असं लिहून तिचे तुकडे दाखवायचे. बावीस वर्षांत माझ्या पाळीत एकही कुपी फुटलेली नाही आणि हिशेब एकदाही चुकलेला नाही. नव्या मुलींना मी हे सांगत असे.

चार वर्षांपूर्वी निपाणीहून एक बाई आमच्या वॉर्डात दाखल झाली. वय पंचावन्नच्या पुढे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तो कमरेच्या हाडांपर्यंत गेलेला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. दुखणं ताब्यात आणून घरी पाठवायचं, एवढंच तिच्यासाठी करण्यासारखं होतं. तिच्या कागदावर आणखी एक गोष्ट होती. बारा वर्षांपूर्वी पोटात कळ येते म्हणून गावाकडच्या एका डॉक्टरने तिला दुखण्याचं इंजेक्शन सुरू केलं होतं. आधी आठवड्याला एक, मग दिवसाला एक, शेवटी दिवसाला तीन. पोटाची कळ कधीच गेली होती, इंजेक्शन मात्र सुटलं नव्हतं. दोन्ही मांड्या इतक्या कडक झाल्या होत्या की पहिल्या दिवशी माझी सुई आत जाईना.

“तिथं न्हाय जायची गं ती,” ती म्हणाली. “तिथलं लाकूड झालंय. दंडाला बघ.”

तिच्या बोलण्यावरून मी ओळखलं. “आक्का, निपाणीत कुठं?”

तिने गल्लीचं नाव सांगितलं. माझं माहेर तिथून दोन गल्ल्या सोडून. मी तसं सांगितल्यावर तिने माझ्याकडे नीट बघितलं. “मग तुझ्या आईनं विड्या वळल्या असतील.”

“व्हय, चाळीस वर्षं.”

“बघ की! आणि लेक झाली शिस्टर.” तिला मनापासून आनंद झाला होता. शेजारच्या कॉटवरच्या खानापूरकडच्या म्हातारीला तिने लगेच सांगितलं, “आमच्या गावची हाय ही. आता आमची काळजी न्हाय.”

आमच्याकडे दुखणं शून्य ते दहा अशा आकड्यांत विचारतात. जुन्या बायका तो आकडा सांगत नाहीत, आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे पुरतं दुखणं, चार आणे म्हणजे सोसण्यासारखं. मी ते बदलून लिहायची. बारा आण्यांना साडेसात, आठ आण्यांना पाच. बाकीच्या जणी अंदाजाने काहीही लिहीत. मी नाही.

मोठ्या डॉक्टरांनी तिचं आधीचं इंजेक्शन बंद करून मॉर्फिन लिहिलं. लहान डोस, गरज पडल्यास, पण सहा तासांच्या आत पुन्हा नाही. पहिल्या दिवशी सकाळी आठला मी ते दिलं. ट्रे कॉटशेजारी ठेवला, कुपीची मान मोडली, औषध ओढलं, दंडाला टोचलं. अर्ध्या तासाने ती म्हणाली, “चार आण्यावर आलं बघ.” मी अडीच लिहिलं. पावणेबाराला तिने हाक मारली. “बाई, आलं गं परत.”

“आक्का, दोनला मिळंल. अजून सव्वादोन तास हाईत.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी अकरा पन्नासला. तिसऱ्या दिवशी बाराला. मी तिच्यासाठी वेगळा कागद केला. औषध दिल्याची वेळ, मागितल्याची वेळ, मधलं अंतर. तीन तास पंचेचाळीस मिनिटं, तीन पन्नास, चार, पुन्हा तीन पन्नास. नऊ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. सगळ्या चार तासांच्या आसपास. माझ्याबरोबरची सिस्टर म्हणायची, “तुमच्या गाववालीचं घड्याळ लई बरोबर हाय हं. मोबाईल लावून झोपती काय?” आम्ही हसायचो. तिच्या कॉटसमोर भिंतीवर घड्याळ होतं आणि ती त्याच्याकडे बघत असायची. मागायची वेळ इतकी ठरलेली असेल तर ते दुखणं नाही, ती सवय, असा मी अर्थ लावला. माझ्याकडे अकरा आकडे होते, त्यामुळे मला तो अंदाज वाटला नाही, पुरावा वाटला.

नवव्या दिवशी दुपारी तिने दोनचं इंजेक्शन एकला पुन्हा मागितलं. रडत होती. “आज सोळा आणे हाय गं. आजच्या दिस दे.” मी वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, की एकदा नुसतं सलाइनचं पाणी देऊन बघू का? हे आमच्याकडे पूर्वी चालायचं. माझ्या सीनियर सिस्टरनेच मला ते शिकवलं होतं. पाण्याने बरं वाटलं तर दुखणं मनाचं. डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. “बघा देऊन,” म्हणाले.

मी टेबलापाशीच सिरिंजमध्ये पाणी भरलं आणि तिच्याकडे गेले. दंडाला टोचलं. “दिलं आक्का. आता पडून राहा.” ती माझ्या हाताकडे बघत राहिली. अर्ध्या तासाने मी कागद घेऊन परत गेले.

“किती आणे?”

“चार आणे,” ती म्हणाली.

मला समाधान वाटलं, हे कबूल करते. कोडं सुटल्याचं समाधान होतं ते. त्या दिवशी कपाटातली मोजणी करताना कुपी जागच्या जागी होती आणि रजिस्टर बरोबर होतं. तिच्या कागदावर मी तीन वाक्यं लिहिली. ‘पाण्याच्या इंजेक्शनने आराम. इंजेक्शनची सवय दिसते. मागितल्यावर देऊ नये.’ इंग्रजीत लिहिली, स्वच्छ अक्षरात, खाली वेळ आणि सही.

दुसऱ्या दिवशी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि मॉर्फिनच्या ओळीवर रेघ मारली. साध्या गोळ्या लिहिल्या. मग त्यांनी कन्नडमध्ये तिला विचारलं, दुखतं का? तीही कन्नडमध्येच म्हणाली, “स्वल्प री.” थोडंसं, साहेब. निपाणीच्या बायकांना कन्नड येतं ते एवढंच, आणि ते कोणापुढे बोलायचं हे त्यांना पक्कं माहीत असतं.

त्यानंतर तिने मागणं बंद केलं. दोन दिवस जुलाब झाले, सारख्या जांभया येत होत्या, अंगावर काटा येत होता. औषध तुटलं की असं होतं. सवयच होती याचा आणखी एक पुरावा म्हणून मी तेही लिहिलं. मग ती शांत झाली. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवण अर्धं परत जायचं. दोन्ही हातांची बोटं मात्र थांबत नसत. चादरीचा काठ धरून ती तो वळत राहायची. वळायचा, चिमटीत दाबायचा, सोडायचा, पुढचा धरायचा. सकाळच्या पाळीला आले की तिच्या बाजूचा काठ चुरगळून दोरीसारखा झालेला असायचा. मी विचारायची, किती आणे? “बरं हाय,” म्हणायची. मी तीन लिहायची. कधी दोन.

शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, “शिस्टर, ही बया पदर चावती बगा. तुमी आला की सोडती.” मी ते ऐकलं. पण पदर चावण्याला माझ्या कागदावर रकाना नव्हता.

पंधराव्या दिवशी तिला घरी सोडायचं ठरलं. आदल्या दुपारी मी तिचे केस विंचरत होते. तिची मुलगी निपाणीत कापडाच्या दुकानात कामाला होती, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होती. बाई बऱ्या मूडमध्ये असल्यासारखी वाटली. अचानक म्हणाली, “त्ये पाणी हुतं न्हवं, त्या दिशी?”

माझा हात थांबला. “कुठलं पाणी?”

“आता! मी काय खुळी हाय व्हय? रोज माझ्याम्होरं काच मोडतीस. टक् करून आवाज येतो. त्या दिशी भरूनच आणलीस. आणि औषध गेलं की घटकाभरानं माझं नाक खाजतं. त्या दिशी न्हाय खाजलं.” ती हसत होती. कुरापत काढायची म्हणून बोलत नव्हती. ओळखीच्या माणसाची चोरी पकडल्यासारखं बोलत होती.

“मग चार आणे का म्हटलंस?”

“तू कागद घिऊन हुबी हुतीस न्हवं.”

“म्हणून?”

“आगं, छाट काढणाऱ्याशी कोण भांडतंय व्हय? तो म्हणंल ती छाट. भांडलं की उद्याचं पान कमी.” मग मला समजलं नाही असं वाटून ती म्हणाली, “तुज्या आईला इचार.”

मला समजलं होतं. विड्या वळून झाल्या की बायका त्या कारखान्यात घेऊन जात. तिथे तपासणारा बसलेला असे. तो जुडी उचलून, मोजून, चाचपून वाईट विड्या बाजूला टाकायचा, त्याला छाट म्हणत. चांगली विडीही छाटीत गेली तरी बायका तोंडातून शब्द काढत नसत. “व्हय, वाईटच झाल्यात” असं त्याच म्हणायच्या, कारण दुसऱ्या दिवशी वळायला पान आणि तंबाखू त्याच्याच हातून मिळायचा. लहानपणी मी आईबरोबर त्या रांगेत उभी राहिले आहे. आईने मान हलवून हसून ‘व्हय व्हय’ म्हटलेलं मी पाहिलं आहे आणि मला तेव्हा तिचा राग यायचा.

त्या संध्याकाळी मी तो अकरा नोंदींचा कागद घेऊन घरी स्वयंपाकघरात बसले. मॉर्फिनच्या त्या इंजेक्शनचा असर साधारण चार तास टिकतो. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि मला ते माहीत होतं. बारा वर्षं रोज इंजेक्शन घेतलेल्या शरीराला इतरांपेक्षा जास्त डोस लागतो, हेही माहीत होतं. तिला कमी डोस आणि सहा तासांचं अंतर दिलेलं होतं. तिचं घड्याळ बरोबर होतं, कारण औषध बरोबर चार तासांनी संपत होतं. सवय असलेल्या माणसाला दुखत नाही, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. कागद माझा, अक्षर माझं, अकराही आकडे मी स्वतः भरलेले. डॉक्टरांना दाखवायला जाऊन ‘डोस वाढवा, अंतर कमी करा’ म्हणायला पहिल्या तीन ओळी पुरल्या असत्या.

आई माझ्याकडेच असते. ती लसूण सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, “दुखत असताना बरं हाय म्हणायचं, याला काय अर्थ?”

“मग काय म्हणंल ती? बरोबर हाय तिचं.” थोडा वेळ ती सोलत राहिली. मग वर न बघता म्हणाली, “आता तूच छाट काढणारी झालीस की गं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. माझी नोंद चुकीची होती असं सांगितलं, वेळांचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला. ते वाईट माणूस नव्हते. “सिस्टर, पण हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्या नोंदीवर मी कधी शंका घेतलेली नाही,” म्हणाले. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, दर चार तासांनी, वेळ घालून, एक आठवड्याच्या. मी माझ्या नोंदीखाली दुसरी नोंद लिहिली. पण घरी न्यायचं कार्ड आदल्या संध्याकाळीच टाइप होऊन आलं होतं आणि त्यात माझी तीन वाक्यं जशीच्या तशी होती. नवं कार्ड काढायला मी खालच्या ऑफिसात गेले. मशीन बंद होतं, उद्या या म्हणाले. मुलीची बस होती. मी पेनने त्या ओळींवर रेघ मारली आणि सही केली.

तो आठवडा तिला बरा गेला, असं मुलीने फोनवर सांगितलं. भाकरी खाल्ली, दारात येऊन बसली. पुढच्या आठवड्याच्या गोळ्यांसाठी बेळगावलाच यावं लागणार होतं, कारण निपाणीत त्या कोणत्याच दुकानात मिळत नाहीत. मुलगी रजा टाकून आली. त्या दिवशी माझी सुट्टी होती. बाह्यरुग्ण विभागात नवे डॉक्टर होते. रेघेखालचं अक्षर स्पष्ट वाचता येत होतं. ‘मागितल्यावर देऊ नये.’ मुलगी मागत होती. त्यांनी साध्या गोळ्या दिल्या. मला कळलं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. मी त्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, पेशंटला घेऊन या, बघून लिहितो. पेशंटला आता बसमध्ये बसवता येत नव्हतं.

त्या दिवशी पाळी संपताना कपाट उघडून मी मोजणीला उभी राहिले. भरलेल्या सतरा. हातातून पडली म्हणून एक फोडलेली कुपी दाखवायला काय लागतं, हे मला माहीत होतं. भरलेली पर्समध्ये गेली असती आणि तुकडे दुसऱ्या एखाद्या औषधाच्या रिकाम्या कुपीचे चालले असते. माझ्यावर कोणीही शंका घेतली नसती, तोवर माझी एकही फुटली नव्हती. मी सतरा मोजल्या, सतरा लिहिल्या, सही केली. ते बरोबरच होतं. एका कुपीने चार तास गेले असते, आणि चोरी ती चोरीच. तरी त्या सतराव्या कुपीचा विचार मनातून जात नाही.

रविवारी मी निपाणीला गेले. तवंदीचा घाट उतरेपर्यंत काय बोलायचं ते मी जुळवत होते. तिथे गेल्यावर त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. ती बाहेरच्या खोलीत जमिनीवर पडली होती, अंग अर्धं झालं होतं. जुन्या डॉक्टरकडचं इंजेक्शन पुन्हा आणून बघितलं, मुलगी म्हणाली, पण आता त्याने काही होत नाही. मांडीतून ते आत जातच नाही, वर गाठ येते. मुलगी चहा ठेवायला आत गेली. तिने कार्ड वाचलं होतं का, हे मी आजही तिला विचारलेलं नाही.

मी शेजारी बसले. तिचे डोळे उघडे होते. पदराचा काठ बोटांत होता आणि बोटं चालू होती. तोंडाच्या कोपऱ्याला चावल्याची जखम होती.

“आक्का, मी आले. बेळगावची.”

“कळतंय की,” ती म्हणाली. आवाज बसलेला. “आईचं कसं हाय?”

“बरी आहे. आक्का, मी चूक केली.”

तिने डोळे मिटले. माझ्या बोलण्याचा तिला त्रास होतो आहे असं मला वाटलं. मग मी जे इतकी वर्षं विचारत आले तेच विचारलं. “किती आणे?”

तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर हसू आणलं. मी ते ओळखलं, रांगेत उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्यावरचं होतं.

“चारच आणे गं,” म्हणाली.

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. बोटं काठ वळत होती. थोड्या वेळाने तिने मान किंचित उचलून विचारलं, “लिवलंस न्हवं?”

कारखान्यात जुडी दिल्यावर बायका असंच विचारतात, वहीत आपला आकडा चढला की नाही म्हणून.

“लिहिलं,” मी म्हटलं. माझ्या हातात कागद नव्हता.

अकरा दिवसांनी मुलीचा फोन आला.